पाण्याला जिऱ्याचा वास

पाणी स्वच्छ होतं. पिण्याचं होतं. आदल्या संध्याकाळी कॅम्पसाइटच्याच नळाला नळी लावून आम्ही ते गाडीच्या टाकीत भरलं होतं. हे सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण त्या सकाळी मला हे वाक्य कोणी पुरं करू दिलं नाही. इथे मध्येच तोडणारं कोणी नाही, तेव्हा पुन्हा सांगते: पाणी पिण्याचं होतं.

बाकीची हकिकत थोडक्यात. नवऱ्याला माउंटन बाइकिंगचं वेड आहे. पुण्यात असताना हा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल हाणायचा आणि वर मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून जायचा. म्युनिकला आल्यावर मात्र आल्प्स असे समोरच दिसायला लागले आणि मागे बसवून नेणारा मित्र राहिला नाही. ऑक्टोबरअखेरीस त्याने भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी घेतली, मागे दोन इ-बाइक, म्हणजे बॅटरीच्या सायकली टांगल्या आणि आम्ही ऑस्ट्रियातला फर्नपासचा घाट, लांडेक शहर आणि मग रेशेन पासचा घाट ओलांडत इटलीत फिन्शगाऊच्या खोऱ्यात उतरलो. इटलीत शिरल्या शिरल्या भर पावसात थांबून सायकलींच्या मागे लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची पाटी बांधावी लागली. सायकली गाडीबाहेर येत असतील तर इटलीत ती लागतेच. त्याच सायकली ऑस्ट्रियात पाटीवाचून कोणाला टोचत नव्हत्या. असो.

रेशेनच्या तळ्यात मध्येच चर्चचा एक मनोरा उभा आहे, चौदाव्या शतकातला. 1950 मध्ये विजेसाठी धरण बांधलं, ग्राउन गाव आणि शेजारच्या रेशेनचा काही भाग मिळून दीडशेहून जास्त घरं पाण्याखाली गेली आणि मनोरा तेवढा राहिला. आता तिथे प्रशस्त पार्किंग आहे आणि लोक मनोऱ्याकडे पाठ करून फोटो काढतात. आम्हीही काढला. एक अख्खं गाव बुडवणाऱ्यांना कोणी किती जाब विचारला असेल, असा विचार तेव्हा मनात आला नव्हता. तो दोन रात्रींनंतर आला, सकाळी साडेसहाला.

पण आधी खोऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पाण्याचं एवढं काय, हे कळणार नाही. फिन्शगाऊच्या उत्तरेला ओत्झटाल आल्प्स आणि दक्षिणेला 3905 मीटरचा ऑर्टलर. दोन्हीकडचे ढग आपापल्या बाजूला रिकामे होतात आणि खोऱ्याच्या वाट्याला वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस येतो. माण-खटावच्या माणसाला हा आकडा घरचा वाटेल. म्हणूनच इतर आल्प्समध्ये ऑक्टोबरात चिखल झालेला असताना इथल्या वाटांवर धूळ उडते आणि अर्ध्या युरोपातले सायकलवाले इथे येऊन पडतात. आणि म्हणूनच इथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या कडेकडेने पाट काढून खाली आणलं. या पाटांना ‘वाल’ म्हणतात. त्यावर देखरेख करणारा माणूस असायचा, थेट आपला पाटकरी. पाटावर एक छोटं पाणचक्र बसवलेलं असे, ते फिरलं की हातोडी घंटेवर पडे. घंटा वाजतेय तोवर पाणी चालू. घंटा थांबली की कुठेतरी पाला-दगड अडकला किंवा कोणीतरी पाणी चोरलं, असं समजून पाटकरी निघायचा. मला ही व्यवस्था फार आवडली. पाण्याची चौकशी करायला पाण्याचाच माणूस येतोय, अंगावर गाऊन घातलेला शेजारी नाही.

सायकलिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. म्हणजे नवऱ्याकडे आहे, त्याला विचारलंत तर तो जेवण थंड होईपर्यंत सांगेल. वाटांची अवघडता एस-0 ते एस-5 अशी मोजतात. “एस-2 आहे, आरामात होईल,” असं तो म्हणाला. त्या वाटेवर काही वळणं इतकी घट्ट होती की सराईत लोक पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक हवेत उचलत होते आणि जागच्या जागी सायकल वळवत होते. मीही उचलत होते. पण आधी खाली उतरायचे आणि मग पंचवीस किलोची सगळी सायकल उचलायचे. खाली खोऱ्यात सफरचंदाच्या बागा, तोडणी जवळपास संपलेली, मधूनच एखादा ट्रॅक्टर हिरवी खोकी ओढत चाललेला. वरच्या उतारांवर लार्च पिवळेजर्द झाले होते. हे झाड सूचिपर्णी असूनही शरदात पानं झाडतं. दृश्य सुंदर होतं. मी ते प्रत्येक वळणावर थांबून नीट पाहिलं, कारण थांबणं भागच होतं.

रात्री पारा उतरायचा. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये म्हणून दोन्ही बॅटऱ्या व्हॅनमध्ये, आमच्या पायांशी, माझ्या शालीत गुंडाळून झोपायच्या. शाल माझी, ऊब बॅटऱ्यांना. त्या रात्री गारठा म्हणून मी मुगाची खिचडी टाकली. दोन बर्नरचा ओटा, छताची खिडकी उघडी, तुपात जिरं तडतडलं. बस, एवढाच गुन्हा.

आता या सगळ्याचं मूळ, गाडीतला एक व्हॉल्व्ह. कॅम्परव्हॅनमध्ये साधारण दहा लिटरचा बॉयलर असतो. थंडीत त्यातलं पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून एक झडप बसवलेली असते. आजूबाजूचं तापमान तीनेक अंशांपर्यंत उतरलं की ती आपणहून उघडते आणि सगळं पाणी गाडीखाली सोडून देते. झडप बसवलेली असते सीटखालच्या कोनाड्यात, जिथे हीटरची ऊब पोचत नाही. म्हणजे माणसं आत उबेत झोपलेली असतात आणि झडपेला वाटतं हिमयुग आलं. पुन्हा बंद करायची तर तो कोनाडा चांगला गरम व्हावा लागतो. तोवर हात धुवायचे तर बर्फाच्या पाण्याने. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी कॉफीचं मशीन फार मन लावून समजावलं होतं. झडपेबद्दल अक्षर नाही.

तर पहाटे कधीतरी झडप उघडली, पाणी ओघळून शेजारच्या व्हॅनकडे गेलं आणि साडेसहाला दारावर टकटक झाली. नवरा तेव्हा टॉयलेटची कॅसेट रिकामी करायला गेला होता. ही कॅसेट म्हणजे चाकं आणि लांब दांडा असलेली पेटी. लोक ती विमानतळावर चालल्यासारखे ऐटीत ओढत नेतात आणि एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणतात.

दारात शेजारचे गृहस्थ. सत्तरीचे असतील, तेव्हा आपण त्यांना काका म्हणू. पट्ट्यापट्ट्यांचा गाऊन, कपाळावर पेटलेला दिवा. त्या दिव्याचा झोत सरळ माझ्या डोळ्यांत.

“तुमचं सांडपाणी वाहतंय.”

“सांडपाणी नाही ते. बॉयलरच्या...”

“सांडपाणी सोडायची जागा वॉशरूमच्या मागे आहे. पाटी लावली आहे.”

“हो, पण हे पिण्याचं पाणी आहे. थंडीमुळे...”

“इथून दहा मीटरवर सफरचंदाची बाग आहे.” एवढं बोलून त्यांनी बागेकडे पाहिलं. बागेबरोबर डोक्यावरचा दिवाही तिकडे वळला, म्हणून मला डोळे उघडता आले. मग ते खाली वाकले. वाकायला त्यांना वेळ लागला, एक हात आमच्या चाकावर टेकवावा लागला. मी मदत केली नाही. त्यांनी ओघळात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

“जिरं,” काका म्हणाले.

साहेब, दहा लिटर थंडगार पाणी, स्टीलच्या टाकीतून नळीवाटे थेट जमिनीवर. जिऱ्याला त्यात शिरायला कुठूनही रस्ता नाही. जिरं आदल्या रात्री छताच्या खिडकीतून काकांच्या नाकात गेलं होतं आणि बहुधा तिथेच मुक्कामाला होतं. हे मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारून काकूंना बोलावलं. काकू आल्या, तसाच गाऊन, फक्त पट्टे आडवे. काकांनी बोट पुढे केलं. काकूंनी वास घेतला, विचार केला.

“मला सर्दी झालीय,” त्या म्हणाल्या. “पण असेल.”

या ‘पण असेल’चा मी अजून राग धरून आहे. काकांनी निदान बोट तरी बुडवलं होतं.

इतक्यात समोरून एक डच मुलगा दात घासत आला. तोंडात फेस, तरी त्याला एका नजरेत कळलं. “फ्रॉस्ट व्हॉल्व्ह,” तो ब्रशच्या बाजूने म्हणाला, “आमचाही उघडला,” आणि हात केला. दोन गाड्या सोडून त्याची व्हॅन होती आणि तिच्याखाली हुबेहूब तसाच ओघळ, थोडा मोठाच. काकांनी दिवा तिकडे फिरवला. नीट पाहिलं. जागचे हलले नाहीत, बोट वगैरे काही नाही.

“ते पाणी आहे,” काका म्हणाले.

त्यांचं पाणी, आमचं सांडपाणी. बरं, काका काही वाईट बोलले नाहीत. आवाज चढवला नाही. ‘कृपया’ तर दोनदा म्हणाले. म्हणूनच कोणापुढे तक्रार करावी असंही त्यात काही नाही. इतकी वर्षं म्युनिकला राहते, कर भरते, हिरवी बाटली हिरव्या डब्यात आणि तपकिरी तपकिरी डब्यात टाकते, रविवारी ड्रिल मशीन लावत नाही. तरी आमच्या इमारतीत जिन्यात कसलाही वास आला की पहिली टकटक आमच्या दारावर. एकदा तळघरात उंदीर मेला होता, तेव्हाही मला प्रेमाने विचारलं गेलं होतं, “आज काही खास बेत आहे का?” अशा वेळी हसायचं असतं. मी हसलेही होते. उंदीर सापडल्यावर कोणी कळवायला आलं नाही, मला ते नोटीस बोर्डावरून कळलं.

तर आम्ही असे ओघळाभोवती उभे असताना नवरा कॅसेट ओढत परत आला. माझा चेहरा, काकांचं बोट, डच मुलाचा फेस, यातलं काहीही न दिसता तो म्हणाला, “गुड मॉर्निंग! काय मस्त थंडी आहे!” काकांनी आधी कॅसेटकडे पाहिलं, मुद्देमाल सापडल्यासारखं. मग त्यांची नजर मागच्या सायकलींवर गेली.

“टायरमध्ये हवा किती ठेवता?”

“मागे 1.8 बार.”

“इथे खडी आहे. 1.6 ठेवा.”

आणि यानंतरची वीसेक मिनिटं, वाचकहो, माझा नवरा आणि काका हवेवर बोलले. मग ब्रेक पॅडवर. मग उतारावर सीट किती खाली घ्यावी यावर, ज्याचं प्रात्यक्षिक काकांनी गाऊन सावरून करून दाखवलं. मी सांडपाण्याची आरोपी म्हणून तिथेच उभी. जामीनही नाही, शिक्षाही नाही. काकू केव्हाच आत गेल्या होत्या. त्यांच्या खिडकीतून कॉफीचा वास येत होता, आणि त्याबद्दल मी कुणाला जाऊन काही विचारलं नाही, याची नोंद व्हावी.

सूर्य डोंगराआडून यायला नऊ वाजले. साडेनऊला पुन्हा टकटक. आता माफी असेल, असं मला खरंच वाटलं. मी केसही सारखे केले. दारात काका, आता रीतसर कपड्यांत, हातात कपडे वाळत घालायचा पिवळा प्लास्टिकचा चिमटा.

“हा झडपेच्या बटणावर लावायचा,” ते म्हणाले. “मग ती उघडत नाही. पण गाडी थंड सोडून जायचं असेल तेव्हा काढा, नाहीतर टाकी फुटेल.”

म्हणजे काकांना झडप माहीत होती. सगळं माहीत होतं, चिमट्यासकट. सकाळी साडेसहालाही माहीत असणार, कारण असलं ज्ञान माणसाला नाश्त्याच्या वेळी एकदम होत नाही. मी विचारलंच, “म्हणजे ते बॉयलरचंच पाणी होतं, हे कळलं ना तुम्हाला?”

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “बहुतेक,” ते म्हणाले.

चिमटा उत्तम चालला, हे कबूल करावं लागेल. नंतरच्या रात्री झडप मिटून राहिली, सकाळी गरम पाणी मिळालं आणि त्या गरम पाण्याने तोंड धुताना दर वेळी मला काकांचे उपकार आठवत राहिले. याहून वाईट सूड नाही. मी मात्र रोज फोडणी दिली. गरज नसताना दिली. एकदा तर नुसत्या दह्याला दिली, आणि खिडकी पुरती उघडून.

निघायच्या दिवशी सायकली टांगून झाल्या, पट्ट्यांची पाटी बांधून झाली, गाडी सुरू केली, तर काका समोर, हात पुढे केलेला. मला वाटलं निरोप. मी काच खाली केली.

“चिमटा,” काका म्हणाले.

नवऱ्याने सीटखाली हात घालून काढून दिला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, स्प्रिंग दाबून बघितली, खिशात टाकला आणि नवऱ्याला म्हणाले, “1.6.” मला काही म्हणाले नाहीत.

रेशेनचा चढ चढताना नवरा म्हणाला, “माणूस वाईट नव्हता गं.” त्यावर मी फर्नपास येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. फर्नपासला सुट्ट्यांची गर्दी, गाड्यांच्या रांगा लांबवर तुंबलेल्या, त्यामुळे हा काळ त्याच्या अपेक्षेपेक्षा बराच लांबला.