अप्पांनी ओठ मिटून घेतले होते

शेवटच्या आठवड्यात अप्पांचा आवाज गेला होता. आत्या गंगाजल घेऊन आली आणि चमचा त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. गिळता येत नसेल असं वाटून तिने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पाणी उशीवर ओघळलं.

एसटीची नोकरी सांभाळून उभा जन्म अंधश्रद्धा निर्मूलनात घालवलेला माणूस. आणि मी तिथेच उभी असून गप्प बसले. ते आजही बोचतं.

हॉस्पिटलात दाखल करतानाच्या कागदावर धर्माचा रकाना होता. भावाने घाईत ‘हिंदू’ लिहिलं, पुढचं सगळं त्यावरून आपोआप होत गेलं. सिस्टरांनी तर मायेने विष्णुसहस्रनाम लावून मोबाईल उशाशी ठेवला. अप्पांना काय हवंय, हे कुणीच विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवर एक चाचा होते. अखेरच्या वेळी तोंड किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला असावं, म्हणून मुलं खाट फिरवून मागत होती. ऑक्सिजनची नळी पुरणार नाही, असं उत्तर मिळालं. शेवटी एका वॉर्डबॉयने लांब नळी आणून खाट फिरवली. पाच मिनिटांचं काम, दोन दिवस अडलेलं.

९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विल, म्हणजे अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र, मान्य केलं. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३च्या निकालाने दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरा होण्याची आशाच नसेल तर व्हेंटिलेटर नको, हे त्यात लिहून ठेवता येतं. जरूर लिहा. पण उशाशी कोण बसणार, तोंडात पाणी कसलं घालणार, हे कुठे लिहायचं?

एखादी तृतीयपंथी व्यक्ती अखेरच्या आजारात दाखल झाली, तर वॉर्ड बायकांचा की पुरुषांचा? ‘पेशंटचं नातं काय?’ या प्रश्नाला ‘गुरू’ (त्यांच्यात आईवडिलांच्या जागी असणारी व्यक्ती) हे उत्तर चालेल का? ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं की, जवळचे नातेवाईक नसतील तर समलिंगी जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. नातेवाईक नसतील तर! ज्यांनी घराबाहेर काढलं तेच त्या दिवशी हजर झाले, तर वीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसाने काय करायचं?

धर्माचा रकाना राहू दे हवा तर. त्याखाली पेशंटलाच विचारून दोन ओळी लिहा: शेवटी जवळ कोण हवं, काय केलेलं नको. कुणाला त्रिसरण ऐकायचं असेल, कुणाला कलमा, कुणाला काहीच नको असेल.

अप्पांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, पण वारसांनी संमती दिल्याशिवाय मेडिकल कॉलेज देह घेत नाही. त्या रात्री भावाने सही केली. गाडी आली तेव्हा आत्या हातात तुळशीचं पान धरून उभी होती.

‘ठेवू का गं?’ तिने विचारलं.

मी नको म्हटलं. तिने ते पान पदराच्या गाठीत बांधलं.