फॉरमॅट मारून मोकळं व्हा? थांबा जरा

नमस्कार, पीसी हँग होण्यावरच्या माझ्या मागच्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचली. चिडून लिहिलीत पण मुद्द्याचं लिहिलंत म्हणून दोन ओळीत न उरकता नीट उत्तर देतोय. तुमचं म्हणणं असं की घरचा पीसी सारखा हँग होतो एवढ्याशा गोष्टीसाठी मी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही), मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम), स्मार्ट रीडिंग (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे) असलं सगळं सांगून लोकांना उगाच घाबरवलं, सरळ विंडोज फॉरमॅट मारायचं की विषय संपला, आणि 'चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करायचा प्रोग्रॅम) लगेच चालवू नका' हे तर मी मनानेच ठोकून दिलंय.

फॉरमॅटने पीसी सुधारतो हे मी कुठे नाकारलंय? ड्रायव्हरचा घोळ असेल, दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले असतील, तर सुधारतोच. पण तुमच्याच कमेंटची शेवटची ओळ परत वाचा, "मी स्वतः दोनदा फॉरमॅट केलाय, दोन्ही वेळेस महिनाभर मक्खन चालला". अहो मग महिन्यानंतर काय झालं? दुसऱ्यांदा फॉरमॅट का करावा लागला? माझं सगळं म्हणणं या एका ओळीत आहे.

तुम्ही लिहिलंय की हँग झाला तरी माऊसचा बाण फिरतो, क्लिक केलं की काहीच होत नाही, डिस्कची लाईट पेटून राहते आणि मिनिटभराने सगळ्या क्लिक एकदम लागू होऊन चार विंडो धडाधड उघडतात. हे हार्ड डिस्कचं लक्षण वाटतंय. डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा बारीकसा कप्पा, कमजोर झाला की ती तो परत परत वाचायला बघते, त्यात कित्येक सेकंद जातात, आणि विंडोजला नेमकी तिथलीच फाईल हवी असली की बाकी सगळे हात बांधून बसतात. बाणाला डिस्क लागत नाही म्हणून तो बिचारा फिरत राहतो. आता गंमत अशी की असा सेक्टर 'पेंडिंग' म्हणून नोंदवला जातो आणि त्याच्यावर नव्याने काही लिहायला गेलं की मग डिस्क ठरवते, जमलं तर तोच वापरायचा नाहीतर राखीव जागेतला दुसरा घ्यायचा. फॉरमॅट करून विंडोज टाकलं की सगळ्या सिस्टीम फाईल नव्याने लिहिल्या जातात, म्हणून काही दिवस गाडी सुरळीत. डिस्क बरी झालेली नसते, तुम्ही फक्त खड्डा चुकवून पुढे आलात, आणि पुढचे खड्डे पडतच असतात.

बरं, दर वेळी डिस्कच असते असंही नाही, म्हणून तर आधी हँग कसा होतो ते बघा म्हटलं. कॅप्स लॉक दाबून बघा, कीबोर्डवरची लाईट चालू-बंद होत असेल तर आतली सिस्टीम बहुतेक जिवंत आहे, कुणाची तरी वाट बघतेय. लाईट ढिम्म, बाण गोठलेला, स्पीकरमधून टर्रर्र असा एकच आवाज अडकलेला, तर मग रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, नाहीतर एखादा ड्रायव्हर. स्क्रीनच काळी झाली किंवा अडकली पण गाणं मागे चालूच आहे तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. आणि धूळ-गरमीला जो तो दोष देतो, पण प्रोसेसर तापला की आधी स्पीड कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर पीसी फाडकन बंद होतो, असा मधेच मिनिटभर थांबून परत चालू शक्यतो होत नाही. साफसफाई करा, चांगलंच आहे, पण उत्तर सापडलं असं समजू नका.

इव्हेंट व्ह्यूअरबद्दल. 'त्यात कर्नल पॉवर ४१ दिसतं, म्हणजे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला' असं तुम्ही लिहिलंय. नाही हो. ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी पीसी नीट शटडाऊन झाला नव्हता. हँग झाला म्हणून तुम्ही पॉवरचं बटण दाबून धरलंत ना, त्याचीच ही नोंद. त्याच्या आधीच्या वेळेच्या नोंदी बघा. डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३, किंवा स्टोरेज ड्रायव्हरची १२९ असेल तर डिस्क नाहीतर केबल. व्हीया लॉगरची (WHEA-Logger) नोंद असेल तर हार्डवेअरने स्वतःच तक्रार केलीय. फॉरमॅट मारला की ह्या सगळ्या नोंदी जातात, म्हणून तो शेवटी.

आता चेकडिस्क. स्लॅश आर (/r, म्हणजे खराब सेक्टर शोधायचा पर्याय) लावून चालवलं की ते अख्खी डिस्क वाचून काढतं, मोठ्या डिस्कला तासन् तास लागतात, आणि जी डिस्क आधीच आचके देतेय तिला तुम्ही पळायला लावता. वर फाईल सिस्टीम दुरुस्त करताना तुटक्या फाईलींचे तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये टाकून देतं, मग त्यातून फोटो शोधत बसा. चालवूच नका असं मी म्हटलेलं नाही, आधी बॅकअप घ्या आणि मग चालवा, असं लिहिलंय.

मेमटेस्ट रात्री लावून झोपायचं, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? सकाळी एक जरी एरर दिसला तरी एकेक रॅम काढून परत टेस्ट करायची. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त स्पीडने चालवायचा पर्याय, चालू असेल तर आधी ते बंद करून बघा.

तुमच्या पीसीचं म्हणाल तर आज फॉरमॅटच्या नादी लागू नका. फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या ड्राईव्हवर घ्या, मग क्रिस्टलडिस्कइन्फो (स्मार्ट रीडिंग दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (पेंडिंग सेक्टर) आणि सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) या तीन ओळींच्या रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, इथे टाका. वर 'गुड' लिहिलेलं असलं तरी टाका. फक्त सी७ वाढत असेल तर बहुतेक साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलून भागेल. सी५ शून्य नसेल तर मात्र नवीन एसएसडी घ्या आणि विंडोज त्याच्यावर टाका, तेव्हा तुमची फॉरमॅटची हौसही फिटेल :)