‘पाच मिनिटांच्या कामाला तासभर बसवलं’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब. रविवारी तुम्ही गळाला लावायची शिशाची वजनं वितळवून पुन्हा ओतून घ्यायला आलात आणि तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून माफी. पण ‘शेजारच्या भांड्यात शिसं वितळलेलं होतं, त्यात माझी वजनं टाकायची सोडून मुद्दाम बसवून ठेवलं’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात, ते फार लागलं.

तुमची वजनं वर्सोव्याच्या खडकांतून ओहोटीला गोळा केलेली. भोकांत वाळू, वाळूत खारं पाणी. शिसं वितळतं ३२७ अंशांना, पाणी उकळतं १०० ला. तसलं वजन वितळलेल्या शिशात बुडालं की पाण्याची क्षणात वाफ होते, ती सोळाशे पटींहून जास्त फुगते आणि शिसं तोंडावर उडतं. कढत तेलात पाण्याचा थेंब पडावा तसं, फक्त इथे डोळा जातो. वरवर पुसून आतलं पाणी निघत नाही. म्हणून ओला माल आम्ही थंड भांड्यात घालून मंद आचेवर चढवतो, पाणी आधी निघून जाऊ देतो, मग आच वाढवतो. साचा आणि पळीही त्याच कारणाने आधी तापवतो. तुम्हाला हे तेव्हाच सांगितलं होतं, तुम्ही फोनवर होतात.

‘मुलासमोर ओरडले’ असंही लिहिलंय. शिसं हाताळलेल्या हाताने तुम्ही त्याला वडापाव भरवत होतात, साहेब. शिसं पोटात जातं ते असंच. मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज चढला तो काळजीने. पोराला आत पंख्याखाली बसवलं, खायला दिलं, ते मात्र लिहिलं नाहीत.

या कामाचे पाचशे रुपये घेतले, त्यात गॅस, साचा, हातमोजे, तोंडावरची काच, सगळं आलं.

‘यापुढे घरच्या शेगडीवर करीन’ म्हणता. हात जोडून सांगतो, स्वयंपाकघरात नको. वितळलेल्या शिशावरची मळी काढताना तिची धूळ ओट्यावर बसते. उघड्यावर करा, पण पावसाचा थेंब पडणार नाही अशा जागी, आणि ते भांडं पुन्हा जेवणाला वापरू नका.

वेळेचं काहीतरी नीट बसवतो, बोर्डही लावू. छोटं दुकान आहे, गरवणारी मंडळी स्टार बघूनच येतात, जमलं तर पुन्हा विचार करा. तुमची ओतलेली वजनं वेगळी काढून ठेवली आहेत. सोमवार सोडून कधीही घेऊन जा.