नववीत ऑटिझम कळून आता काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना

माझ्या मामेभावाचा मुलगा नववीत आहे. शाळेच्या काउन्सिलरने एकदा त्याची ऑटिझमसाठी तपासणी करून घ्या असं सुचवलं आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर जे काही चाललंय ते वाचून शेवटी हे लिहायला बसले. सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, नववीत कळून आता काय उपयोग, जे काय करायचं ते लहानपणीच करायचं असतं, उगाच पोराला शिक्का कशाला मारून घ्यायचा. दुसरी म्हणते, तिकडे इंग्लंडला बघा, शाळाच सगळं करते, आपल्याकडे कोण विचारतं. आणि या दुसऱ्या पार्टीचा साक्षीदार म्हणून मला टॅग केलं जातं, कारण माझ्या मुलीचं निदान इथे, इंग्लंडात, तेराव्या वर्षी झालं. मला दोघांशीही भांडायचंय.

आधी दुसरीशी, कारण ते लवकर आटपेल. इथे नाइस म्हणून संस्था आहे, ती आरोग्यसेवेने काय कसं करावं त्याच्या गाइडलाइन्स काढते. मुलांच्या ऑटिझमची गाइडलाइन 2011 ची आहे, आणि त्यात म्हटलंय की रेफरल गेल्यापासून 3 महिन्यांत तपासणी सुरू व्हायला हवी. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात लोक वर्ष वर्ष रांगेत असतात, काही भागांत त्याहून जास्त, आणि मधल्या काळात मूल प्रायमरीतून सेकंडरीत जातं तरी पत्र येत नाही. राइट टू चूज म्हणून एक सोय आहे, म्हणजे जीपीला (आपल्या नेहमीच्या डॉक्टरला) सांगून एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या पैशानेच दुसऱ्या संस्थेकडे पाठवून घेता येतं, पण ती फक्त इंग्लंडात, आणि ती आहे हे आपणहून कोणी सांगत नाही. शाळेचं म्हणाल तर विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या 2015 च्या नियमावलीप्रमाणे मदत मुलाच्या गरजेवर द्यायची असते, निदान हातात असण्याची अट नाही. पण मीटिंगला गेलं की गोड हसून ‘रिपोर्ट आला की बघू’. खरी पक्की मदत मिळते ती ईएचसीपी नावाच्या, शिक्षण-आरोग्य-देखभालीच्या प्लॅनमधून, तो 25 वर्षांपर्यंत चालू शकतो, आणि तो मिळवायला पालक ट्रायब्युनलपर्यंत जातात. त्यामुळे ‘शाळाच सगळं करते’ हे वाक्य ग्रुपवर कोणी टाकू नका प्लीज.

एक गोष्ट मात्र इथे मला कोणीच विचारली नाही. ‘एवढी मोठी झाली, आता कशाला?’ वयाचा मुद्दा ना जीपीने काढला, ना शाळेने. घरी मात्र तोच पहिला प्रश्न.

तर हा प्रश्न येतो कुठून? मला वाटतं आपल्याकडे ऑटिझमबद्दल जे काही बोललं जातं ते सगळं दोन-तीन वर्षांच्या बाळांबद्दल असतं. नावाने हाक मारली तर बघत नाही, बोलायला उशीर, मोबाइल दाखवून जेवू घालता म्हणून झालं, तो ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ (डॉक्टर निदानाला जे ग्रंथ वापरतात त्या डीएसएम-5 मध्येही हे नाव नाही आणि आयसीडी-11 मध्येही नाही, पण रील्समध्ये भरपूर आहे). तपासायची साधनंसुद्धा बरीचशी त्याच वयाची. एमचॅट नावाची प्रश्नावली 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. भारतात बनवलेलं, इन्क्लेन या संशोधन संस्थेचं निदानाचं साधन 2 ते 9 वर्षांसाठी. लवकर कळलं तर लवकर मदत, हे बरोबरच आहे, त्यावर वादच नाही, पण त्यातून उलटा अर्थ काढला गेलाय की उशिरा कळलं म्हणजे गाडी गेली. नवव्या वर्षानंतरचं मूल त्या चर्चेत बसतच नाही, मग लोक म्हणतात की त्याला काही नसणारच, असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आणि नेमकं हेच चूक आहे. डीएसएम-5 मध्ये, म्हणजे 2013 च्या निकषांत, स्पष्ट लिहिलंय की लक्षणं लहानपणापासूनची असायला हवीत, पण बाहेरच्या अपेक्षा मुलाच्या कुवतीपेक्षा वाढेपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत असं होऊ शकतं, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे ती झाकली जाऊ शकतात. हे नीट वाचलं की नववीतला मुलगा लगेच समजतो. चौथीपर्यंत एक वर्ग, एक बाई, ठरलेला बाक. मग विषयाला वेगळे सर, क्लास, ग्रुप प्रोजेक्ट, पोरांची टोमण्यांची भाषा. मूल तेच, ओझं वाढलं.

अशी मुलं आधी नव्हती असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा आपल्याच नात्यात बघा. घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक, माणूसघाणा, ‘हुशार आहे हो पण विक्षिप्त’, एवढे शब्द आपण काय हवेत वापरत होतो? लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने 1943 मध्ये ज्या मुलांबद्दल लिहिलं त्यांच्यासारखी, लगेच डोळ्यात भरणारी मुलंच बराच काळ ऑटिझममध्ये धरली जायची. घडाघडा बोलणारी, मार्क मिळवणारी मुलंही यात येऊ शकतात हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या 1981 च्या लेखानंतर हळूहळू मान्य होत गेलं, आणि त्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. आकडे वाढले त्याचं एक मोठं कारण हे आहे. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा ऑटिझमशी संबंध जोडला तेव्हा मामींनी मला फोन करून विचारलं होतं, तू तेव्हा क्रोसिन घेतली होतीस का गं. असो.

माझ्या मुलीचं सांगते, कारण मुलींचं अजूनच उशिरा कळतं. प्रायमरीत काही नाही, उलट गुणी. अकराव्या वर्षी सेकंडरी सुरू झाली, दर तासाला वेगळी खोली, हजार पोरं एकदम कॉरिडॉरमध्ये. शाळेचा रिपोर्ट उत्तम. घरी आली की युनिफॉर्मसकट पलंगावर, पांघरूण डोक्यावरून, जेवायला हाक मारली तर रडारड. शाळा म्हणाली आमच्याकडे तर छान असते. मग म्हणाले अँग्झायटी आहे. मग एकीने असंही सुचवलं की घरी तुम्ही दुसरी भाषा बोलता ना, त्यामुळे मिसळायला वेळ लागत असेल (पोरगी इंग्रजी माझ्यापेक्षा शंभरपट बरं बोलते). मग एकदा तिच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला यादी सापडली. सोमवारी वीकेंड कसा गेला विचारायचं. ती हसली की हसायचं. तोच प्रश्न परत विचारायचा नाही. बोलताना कपाळाकडे बघायचं, डोळ्यांकडे बघितल्यासारखं वाटतं. पुढे कोणती युक्ती चालली त्यावर टिक, आणि दोनवर काट. बाकीच्या मुली जे न शिकता करतात ते ही पाठ करून, रोज, सात तास करत होती. यालाच मास्किंग म्हणतात हे मला नंतर कळलं.

तपासणीचा एक मोठा भाग आईवडिलांच्या मुलाखतीचा असतो. तीन-चार वर्षांची असताना लांबची वस्तू बोटाने दाखवायची का, खोटं खोटं खेळायची का, दुसऱ्या मुलांजवळ जायची की नुसती बघायची. आणि इथे आम्हा परदेशातल्या लोकांची खास पंचाईत होते, कारण त्या वयात ती दिवसभर माझ्या आईकडे असायची, म्हणजे साक्षीदार तिकडे. आईला व्हिडिओ कॉलवर विचारलं तर ती म्हणाली, काही म्हणजे काही त्रास नव्हता हो तिचा, डब्यांची झाकणं दिली की तासभर आकाराप्रमाणे लावत बसायची, शेजारची पोरं आली तर पाठ फिरवून बसायची, कोणी एक झाकण हलवलं की मात्र घर डोक्यावर घ्यायची. आणि लगेच, ‘पण हे असलं त्या डॉक्टरबाईंना सांगत बसू नकोस हं.’ नातीची बाजू घेत होती बिचारी. मी सगळं सांगितलं. तुम्हीही घरच्यांना विचाराल तेव्हा ‘तेव्हा काही वेगळं वाटलं का’ असं विचारू नका, उत्तर ‘छे’ असंच येणार. दिवसभर काय करायची ते विचारा. जुने वाढदिवसांचे व्हिडिओ काढा, ते आजीपेक्षा खरं बोलतात.

बरं, उपयोग काय झाला? बरी व्हायला तो आजार नाही, त्यामुळे तसं काही नाही. पण आधी अँग्झायटी समजून जी थेरपी चालली होती त्यात तिला मुद्दाम गजबजलेल्या कँटीनमध्ये बसवायचे, सवय व्हावी म्हणून. ते बंद झालं, कारण प्रश्न भीतीचा नव्हताच, आवाजाचा होता. तास संपायच्या 5 मिनिटं आधी वर्गातून निघायची परवानगी मिळाली. परीक्षेला छोटी खोली. आणि रिपोर्ट तिने पेन्सिल घेऊन वाचला. ‘मैत्रीत फारसा रस नाही’ असं एक वाक्य होतं, त्याच्या बाजूला तिने लिहिलं, ‘आहे. दमायला होतं.’ नववीतल्या मुलाला निदानाचा उपयोग कोणाला असेल तर आधी त्यालाच आहे. तीन वर्षांच्या बाळाचं निदान आईबापांसाठी असतं, चौदा वर्षांच्याचं त्याच्या स्वतःसाठी. तो तसाही रोज स्वतःला काहीतरी नाव ठेवतच असतो, आळशी, बावळट, विचित्र, त्यापेक्षा खरं काय ते कळलेलं बरं.

आता शिक्क्याबद्दल. आपल्याकडे दोन वेगळे कागद एकच समजले जातात. एक निदानाचा रिपोर्ट, दुसरं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आला, आणि प्रमाणपत्रासाठी इसा नावाची मोजपट्टी वापरतात. 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, 70 च्या खाली असाल तर ऑटिझम नाही. त्यात ऐकलेले शब्द तसेच परत परत म्हणणं, वेदना न जाणवणं असे मुद्दे आहेत. नीट बोलणारा, मार्क बरे असलेला नववीतला मुलगा 70 च्या खाली सहज राहू शकतो, आणि तरी डीएसएमच्या निकषांवर त्याचं निदान पक्कं असू शकतं. मग घरचे म्हणतात, बघा, सरकारच म्हणतंय काही नाहीये! त्यात 2024 साली पुण्याच्या त्या प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून जो गदारोळ झाला, तेव्हापासून न दिसणारं दिव्यांगत्व म्हटलं की लोकांची पहिली शंका ‘सवलतीसाठी केलं असेल’. म्हणजे एका बाजूला शिक्का नको म्हणून भीती, दुसऱ्या बाजूला शिक्का विकत घेतला म्हणून संशय, आणि दोन्ही भांडणं प्रमाणपत्राची. रिपोर्ट तुमच्या कपाटात राहतो. तो ना सोसायटीला दाखवावा लागतो, ना मामींना.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. इथे समानतेचा 2010 चा कायदा आहे, शाळेशी भांडताना मी तो पुढे करू शकते. तिकडेही कायदा आहे, पण बहिणीच्या स्थळाच्या वेळी लोक काय बोलतील त्याला कुठलाच कायदा पुरत नाही, हे मला लांब बसून उडवून लावता येणार नाही. टीनएजर मुलांचं निदान करणारे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, सायकियाट्रिस्ट मोठ्या शहरांतच भेटतात हेही खरं. आणि निदान हातात आलं की लगेच स्टेमसेल, डाएट, ‘सहा महिन्यांत फरक’ वाले फोन करायला लागतात, त्यांना दारातही उभं करू नये, हे मात्र मी भांडून सांगेन.

मामेभावाला मी वेगळा मेसेज केलाय. तपासणी करून घ्या, मोठ्या मुलांना बघणाऱ्याकडेच जा, जुने व्हिडिओ आणि शाळेचे शेरे घेऊन जा. प्रमाणपत्राचं नंतर ठरवा, फक्त दहावीच्या बोर्डाला जास्तीचा वेळ वगैरे हवा असेल तर त्याचे कागद आधीच लागतात, म्हणून शाळेत याच वर्षी विचारून ठेवा. आणि एवढ्या चर्चेत त्याला स्वतःला कोणी काही विचारलंय का? यावर भावाचं उत्तर नाही आलं, वहिनीचं आलं, खाजगीत. त्याने म्हणे केव्हाच गुगल करून दोन ऑनलाइन टेस्ट दिल्यात आणि स्कोअर वहीत लिहून ठेवलाय. ऑनलाइन टेस्ट म्हणजे निदान नाही हे मी तिला सांगितलं, पण अपॉइंटमेंट घेताना त्याला बरोबर बसवून घे, हेही सांगितलं.