मशीन राहू दे, पण काउंटरवरचा माणूस काढू नका

"बँकेत कशाला जायचं, सगळं मोबाईलवर होतं की" हे वाक्य हल्ली इतक्यांदा कानावर पडतं की एकदा यावर सविस्तर लिहायचंच होतं. मी मशीनच्या विरोधात अजिबात नाहीये. पैसे काढायला, बॅलन्स बघायला, पासबुक भरायला, कुणाला पैसे पाठवायला मी पण मशीन आणि ॲपच वापरते. रात्री-अपरात्री हॉस्पिटलसाठी रोख लागली की एटीएमची किंमत कळते, त्याबद्दल वादच नाही. पण मशीन आलंय ना, मग आता माणूस कशाला आणि शाखा तरी कशाला, हा जो हिशोब चाललाय तो मला मुळातच चुकीचा वाटतो. आणि त्याचा भुर्दंड पडतो तो नेमका ज्यांना झेपत नाही त्यांच्यावर.

एटीएम कशासाठी आलं ते आधी बघा. जॉन शेफर्ड-बॅरन नावाचा माणूस शनिवारी बँकेत पोचेपर्यंत बँक बंद झालेली होती, त्याचे पैसे आत आणि तो बाहेर, आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली असं तो स्वतः सांगायचा. २७ जून १९६७ ला लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने त्याचं मशीन बसवलं. मग १९६९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळ केमिकल बँकेने आपलं मशीन सुरू केलं तेव्हा जाहिरातच अशी केली होती की २ सप्टेंबरला आमची बँक नऊ वाजता उघडेल आणि त्यानंतर कधीच बंद होणार नाही. म्हणजे शाखा बंद असते त्या वेळेत लोकांची अडचण होऊ नये म्हणून हे मशीन जन्माला आलं. आता त्याच मशीनकडे बोट दाखवून शाखा कायमच्या बंद होतायत. एकट्या ब्रिटनमध्ये २०१५ पासून सहा हजारांच्या वर शाखा बंद झाल्यात.

आणि मशीन आलं की माणूस आपोआप नकोसा होतो असंही काही नाही. अमेरिकेत जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञाने याचा अभ्यास केलाय. १९८८ ते २००४ या काळात शहरातल्या एका शाखेत सरासरी वीस कॅशियर लागायचे ते तेरावर आले, पण शाखा चालवणं स्वस्त पडायला लागलं म्हणून बँकांनी शाखाच वाढवल्या, त्यामुळे एकूण कॅशियर काही कमी झाले नाहीत. त्यांचं काम मात्र बदललं. नोटा मोजणं मशीनकडे गेलं आणि समोरच्याशी बोलणं, त्याला काय हवंय ते समजून घेणं हे माणसाकडे आलं. मला ही वाटणी एकदम पटते. मोजायचं काम मशीनने करावं, ऐकायचं काम माणसाने.

कारण मशीनला फक्त ठरलेले प्रश्न कळतात. काका गेले तेव्हा खात्याच्या कामासाठी मी काकूंबरोबर बँकेत गेले होते. त्याआधी फोनवर प्रयत्न करून झाला होता, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा, आणि त्यात "माझा नवरा गेलाय, आता काय करू" याला कुठलंच बटण नव्हतं. शाखेत काउंटरवरच्या बाईंनी काकूंना आधी बसायला सांगितलं, फॉर्म समोर ठेवला आणि जिथे जिथे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारून दिली. काकूंचा हात थरथरत होता, एक सही जुन्या सहीशी जुळेना, तर बाई म्हणाल्या, "काकू, घाई नाहीये, पाणी प्या, मग करा." एवढंच. पण त्या दिवशी काकूंचं काम झालं ते त्या पेन्सिलच्या फुलीमुळे झालं असं मी आजही म्हणेन.

आता उलट बाजू. शाखेत सगळं गोडच असतं असं मी म्हणणार नाही, सर्व्हर डाऊन आहे, साहेब जेवायला गेलेत, उद्या या, या काउंटरवरून त्या काउंटरवर, हे सगळं आपण सगळ्यांनीच भोगलंय आणि त्याला कंटाळूनच लोक ॲपकडे वळले. तो राग बरोबरच आहे. पण कामचुकार शाखा सुधारायची सोडून शाखाच काढून टाकायची, हा कुठला न्याय?

सगळ्यात जास्त त्रास होतो तो एटीएमबाहेरचा प्रकार बघून. आजोबा मशीनसमोर उभे, चष्मा वर-खाली करतायत, स्क्रीनवरचं वाचेपर्यंत वेळ संपतो आणि कार्ड बाहेर, मागे रांग, रांगेतला एकजण चुकचुकतोय. शेवटी आजोबा वॉचमनला किंवा मागच्या कुणालातरी कार्ड देतात आणि पिन मोठ्याने सांगतात! सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा! आणि हेच आजोबा आत काउंटरवर गेले असते तर "बाहेर मशीनवर करा" म्हणून परत पाठवलं असतं, हे मी स्वतः पाहिलंय. मशीन सुरक्षित आहे म्हणतात ना, ते ज्याला एकट्याला वापरता येतं त्याच्यासाठी. ज्याला येत नाही त्याला आपण अनोळखी माणसाच्या हवाली करतोय.

फसवणुकीचं तर बोलायलाच नको. फोनवरचा भामटा पहिलं वाक्य काय सांगतो, कुणाला काही सांगू नका, फोन चालू ठेवा. घाबरलेला माणूस मशीनसमोर जातो, मशीन पिन बरोबर आहे का तेवढं बघतं आणि पैसे देतं. काउंटरवर मात्र कॅशियरला दिसतं की या बाई दर महिन्याला थोडेसे काढतात, आज सगळं खातं रिकामं करतायत, कानाला फोन आहे आणि चेहरा उतरलाय. एक साधा प्रश्न, "ताई, कशासाठी काढताय एवढे?" आणि कितीतरी वेळा तेवढ्यानेच माणूस भानावर येतो. ब्रिटनमध्ये तर २०१६ पासून याची रीतसर पद्धतच आहे, शाखेतल्या कर्मचाऱ्याला संशय आला की तो तिथूनच पोलिसांना कळवतो. शाखाच नसेल तर हा प्रश्न विचारणार कोण?

हे बदलता येतं, नुसती कुरकुर करत बसायची गरज नाही. स्पेनमध्ये कार्लोस सान हुआन नावाचे सत्तरी ओलांडलेले निवृत्त डॉक्टर, पार्किन्सनमुळे हात थरथरणारे, त्यांनी २०२२ मध्ये मोहीम सुरू केली, "मी म्हातारा आहे, मूर्ख नाही". सहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि काही आठवड्यांतच बँकांना लेखी कबूल करावं लागलं की काउंटर सकाळी नऊ ते दुपारी दोन चालू ठेवू आणि ज्येष्ठांना आधी बघू. एका माणसाने सुरुवात केली होती हो.

त्यामुळे तुमच्या शाखेतला कॅश काउंटर कमी करतायत, वेळ कमी करतायत किंवा वयस्कर माणसांना मशीनकडे पिटाळतायत असं दिसलं तर तिथे नुसतं भांडून घरी येऊ नका. साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज लिहा, तारीख टाका, मॅनेजरच्या नावाने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. शेजारच्या आजी-आजोबांचीही सही घ्या त्यावर. त्यांना घेऊन गेलात तर आणखी चांगलं, आणि पोच मिळाल्याशिवाय तिथून उठू नका.