कंबर कसली बघता, शिवण बघा!

शनिवारी दुपारी माझ्या दुकानात एक नवरी रडली, आणि तेव्हापासून तापलेलं माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

आमच्या वसईत ख्रिस्ती लग्नात नवरीला पांढरा गाऊन लागतो. गेली २२ वर्षं मी तेच शिवते. ईस्टर झाला की लग्नांची रांग लागते आणि मशीनवरून उठायला फुरसत मिळत नाही. या पोरीची दुसरी ट्रायल होती. गाऊन अंगावर, पाठीला अजून टाचण्या, आणि हातात फोन. फोनवर ब्रिटनच्या राजघराण्यातल्या केटचा २९ एप्रिल २०११ चा लग्नाचा फोटो. एकदा फोटोत बघायची, एकदा आरशात. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आंटी, दोन महिने मी रात्रीची जेवत नाही. तरी माझी कंबर तशी दिसतच नाही."

दोन महिने! मी तिच्या हातातून फोन घेतला आणि ती बघत होती तो लेख वरपासून खालपर्यंत वाचला. चौदा फोटो. त्यातल्या एकात कंबरेला लाल गोल केलेला. मथळ्यात "बारीक कंबरेचं रहस्य", आणि खाली ती सकाळी काय खाते, रात्री काय खात नाही याची यादी. संपला लेख.

अहो, रहस्य शिवणीत आहे! त्या गाऊनची सॅटिनची बॉडी कंबरेत निमुळती बेतलेली आहे आणि हिपवर आतून पॅडिंग घातलेलं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कॉर्सेटवरून घेतलेली ही युक्ती. खाली भरलं की वरची कंबर आपोआप बारीक दिसते. कुठल्याही शिंपिणीला विचारा, ती सांगेल. आणि हे काही कुणी लपवून ठेवलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी गाऊनची जी अधिकृत माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. तो गाऊन बेतणाऱ्या सारा बर्टन या बाईने कात्रीने आणि सुईने जे साधलं, ते श्रेय तुम्ही असले लेख आणि व्हिडिओ करणाऱ्यांनी केटच्या उपाशी पोटाला देऊन टाकलंत, आणि इथे वसईतली एक पोर रात्री पाणी पिऊन झोपते आहे. मला संताप येणार नाही तर काय होईल?

मी युरोपातल्या राण्यांचे, राजकन्यांचे फोटो रोज बघते. आवडीने बघते. इतक्या बारकाईने, इतका वेळ देऊन शिवलेले कपडे आम्हाला दुसरीकडे बघायला कुठे मिळतात? मला बघायचा असतो मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, कसा बसवलाय, उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, कापड कुठे वापरलंय, कॉलर उभी राहण्यासाठी आत काय घातलंय. पण लेख उघडा नाहीतर व्हिडिओ उघडा, पाठीमागून काढलेला एक फोटो मिळत नाही. अस्तराबद्दल एक शब्द नाही. किंमत मात्र असतेच. बूट कितीचे, पर्स कितीची, एकूण बेरीज किती. आणि मग ही जाड झाली, ती सुकली, हिने तिच्याकडे बघितलं नाही, तिने हिच्यावर कुरघोडी केली.

त्याच गाऊनच्या लेसचं घ्या. हॅम्प्टन कोर्टमध्ये रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क नावाची भरतकामाची शाळा आहे, तिथल्या बायकांनी ती हाताने केली. आयर्लंडच्या कॅरिकमॅक्रॉस पद्धतीवरून. लेसमधलं एकेक फूल कापायचं, गुलाब, थिसल, डॅफोडिल, शॅमरॉक, आणि ते रेशमी नेटवर ठेवून कडेकडेने दर दोन-तीन मिलिमीटरवर टाका घालायचा. धागा ३० सेंटिमीटरहून लांब घ्यायचा नाही. गाठ मारायची नाही. दर ३० मिनिटांनी हात धुवायचे आणि दर ३ तासांनी सुई बदलायची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं काम खाली ठेवलं होतं. कारण यातली प्रत्येक गोष्ट का करायची ते मला माझ्या बोटांनी माहीत आहे. मे महिन्यात इथे तळहाताला घाम सुटतो आणि तो पांढऱ्या नेटला लागला की आज दिसत नाही, पण सहा महिन्यांनी कपाटातून काढाल तेव्हा पिवळा डाग वर आलेला असतो. सुईचं टोक बोथट झालं की नेटचं भोक ओढलं जातं, मग ते बुजत नाही. लांब धागा पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन पिंजारतो. गाठ मारली तर पातळ नेटमधून ती खड्यासारखी दिसते. तेव्हापासून माझ्या दुकानात मशीनशेजारी पाण्याची बादली आणि साबण असतो, आणि कामाला येणाऱ्या पोरींना मी सांगितलंय, आधी हात धुवा मग नेटला हात लावा. एवढं एका गाऊनने मला शिकवलं. आणि तुमच्या चौदा फोटोंच्या लेखात त्या बायकांना एक ओळ नाही!

बरं, अंगावर बोलण्याचे परिणाम काय होतात हे तुम्हाला माहीत नाही असंही नाही. स्वीडनची राजकन्या व्हिक्टोरिया विशीत असताना खाण्याशी जोडलेल्या मानसिक आजाराने ग्रासली होती. १९९७ साली राजवाड्याला ते जाहीर करावं लागलं. वाढत्या वयाची मुलगी, भावी राणी, चोवीस तास फोटो आणि फोटोखाली लोकांची मापं. त्यावर पुढे ती स्वतः बोललेली आहे. एवढं होऊनही तुम्ही थांबलात का? आज स्पेनची राणी लेतिसिया हिच्या दंडांवर व्हिडिओ निघतात. बिनबाह्यांचा ड्रेस घातला की दंड, दंड, दंड. बाहीची जागा इतकी स्वच्छ कापलेली असते, कुठे कापड सुटत नाही, कुठे काचत नाही, ते बघा की. बिनबाह्यांचा मुंढा काखेत न उघडता बसवणं किती कठीण असतं ते करून बघा एकदा.

तिच्या सपाट चपलांवर तर कहरच केला. टाचा गेल्या, म्हणजे राणीचा रुबाब गेला! तिला मॉर्टन न्यूरोमा आहे हो, पायाच्या बोटांच्या मुळाशी नस जाड होते आणि पाऊल टाकलं की कळ जाते. माझी मोठी बहीण याच दुखण्याने वर्षभर लंगडत होती, म्हणून मला कळतं. दुखऱ्या पायाने बाई तासन् तास उभी राहते आणि तुम्ही तिच्या चपलांवर हसता.

२०१६ साली एप्रिलमध्ये केट आपल्याकडे आली होती. मुंबईत ओव्हल मैदानावर सचिन, वेंगसरकर यांच्याबरोबर क्रिकेट खेळली तेव्हा तिने अनिता डोंगरेंचा ड्रेस घातला होता, आणि तो बघून लोकांनी इतकी झुंबड उडवली की डोंगरेंची वेबसाइट बंद पडली. त्या आठवड्यात माझ्याकडेही बायका तोच फोटो घेऊन आल्या होत्या. आनंद झाला होता मला. मग दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, ती दिल्लीत इंडिया गेटला फुलं वाहायला गेली. ७० हजारांहून जास्त हिंदी सैनिकांचं स्मारक आहे ते. वारा आला, ड्रेसचा घेर उडाला, आणि पहिल्या पानावर छापलं काय, तर तो उडालेला घेर. हात फुलांत गुंतलेले आहेत, बाई शहिदांसमोर उभी आहे, आणि कॅमेरा कुठे? त्यावर वर तिलाच उपदेश, की हिला अजून कसं वागावं कळत नाही.

आता शिंपीण म्हणून मी सांगते तिथे काय व्हायला हवं होतं. राणी एलिझाबेथच्या स्कर्टच्या खालच्या दुमडीत छोटी वजनं शिवलेली असत, वाऱ्यात घेर उडू नये म्हणून. बाहेर, उघड्यावर घालायचा घेरदार ड्रेस असेल तर ते करावं लागतं. आमच्याकडे चर्चच्या पायऱ्यांवर समुद्राचा वारा असतो, मीही घालते. चार इंच दुमड ठेवायची, आत चार ठिकाणी वजन, वरून हातशिलाई. अर्ध्या तासाचं काम. ही टीका केली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या! कारण ही कपड्यावरची टीका आहे. तुम्ही बाईच्या अब्रूवर टीका केलीत आणि तिला फॅशनची चर्चा म्हणता.

आणि अज्ञान तरी किती. १८ मे २०२५ ला पोप लिओ चौदावे यांच्या पदग्रहणाची मिस्सा, म्हणजे चर्चची मोठी प्रार्थना, होती. आम्ही घरी सगळे टीव्हीसमोर. लेतिसिया आणि बेल्जियमची राणी मॅथिल्ड पांढऱ्या कपड्यांत होत्या. संध्याकाळी एका व्हिडिओत ठणकावून सांगितलं जातंय, सगळ्या काळ्यात असताना यांनी मुद्दाम पांढरं घालून लक्ष वेधून घेतलं! अरे, पोपसमोर पांढरं घालण्याचा मान कॅथलिक राण्यांचा आहे, मोजक्या बायकांना तो मिळतो. नेदरलँड्सची राणी मॅक्सिमा स्वतः कॅथलिक, पण तिथली गादी प्रोटेस्टंट, म्हणून ती काळ्यात होती. किती सुंदर गोष्ट आहे ही, एका रंगात केवढा इतिहास आहे. सांगायचा ना! पण त्यासाठी दहा मिनिटं वाचावं लागतं, आणि बायकांचं भांडण लावायला काही वाचावं लागत नाही.

"पुन्हा तोच ड्रेस" ही बातमी तर आता मला दिसली तरी मी फोन पालथा ठेवते. ब्रिटनच्या राजकन्या ॲनने १९८१ साली भावाच्या, म्हणजे चार्ल्सच्या, लग्नात घातलेला ड्रेस २००८ साली दुसऱ्या एका लग्नात घातला. २७ वर्षांनी! ड्रेस पुन्हा घातला यात बातमी काय आहे? बातमी ही आहे की तो टिकला. कापड कुठे विरलं नाही, शिवण कुठे उसवली नाही. शिवताना आत माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, किती सोडली होती, नंतर कुठे सैल केला का, कसा घडी घालून ठेवला होता, हे कोण विचारणार? आणि राजे चार्ल्स ठिगळ लावलेला कोट घालतात तेव्हा मात्र ठिगळाचं कौतुक होतं, रफूचं कौतुक होतं, कोट कुणी शिवला तेही लिहितात. म्हणजे कपड्याकडे बघता येतं तुम्हाला. डोळे आहेत. फक्त आत बाई असली की ते डोळे कापडावर थांबत नाहीत.

त्या पोरीला मी खुर्चीत बसवलं, चहा दिला, बिस्किटं दिली. मग दुसऱ्या एका गाऊनची बॉडी उलटी करून तिला आतली बाजू दाखवली. कंबरेचे टक्स कुठून कुठे जातात, बॉडी ताठ राहायला हाडं, म्हणजे कडक पट्ट्या, कुठे घालतात, हिपवर वॅडिंगचे, म्हणजे मऊ भरावाचे, दोन थर दिले की काय फरक पडतो. तिने बोटाने दाबून बघितलं. "हे आतून असतं?" म्हणाली. हो बाळा, हे आतून असतं.

रात्री बसून तिच्या गाऊनमध्ये ते थर घातलेत मी. गुरुवारी तिसरी ट्रायल आहे. बुधवारी रात्री नीट जेव, असं तिच्या आईसमोर सांगितलंय.