‘सैनिक तो सैनिक’ : महिला सैनिकांच्या वैद्यकीय सेवेविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

महिला सैनिकांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : सैनिक तो सैनिक; गोळी स्त्री-पुरुष पाहून लागत नाही आणि जखमेवरचा उपचारही दोघांना एकच असतो; पाळीचा प्रश्न औषधाने सुटतो; तेव्हा युद्धक्षेत्रात महिलांसाठी निराळी वैद्यकीय तयारी मागणे म्हणजे समानतेच्या जोडीला सवलतही मागणे होय. हा मजकूर वरकरणी महिलांची बाजू घेतो, म्हणूनच तो अधिक बारकाईने तपासायला हवा.

उपचार एकच असतो, हे अर्धेच खरे आहे. हातापायातून रक्त वाहत असेल, तर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, दोघांनाही सारखाच आवळायचा असतो. रक्त चढवण्याची वेळ आली की मात्र फरक सुरू होतो. आघाडीवर रक्तगट जुळवत बसायला सवड नसते, म्हणून ओ गटाचे रक्त देतात; आणि आर-एच निगेटिव्ह, म्हणजे तांबड्या पेशींवर आर-एच हा घटक नसलेले, दाते मुळात थोडे असल्याने ते बहुतेकदा पॉझिटिव्ह असते. जखमी स्त्री निगेटिव्ह असेल, तर तिच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढे कधी गर्भ पॉझिटिव्ह असल्यास त्याच्या तांबड्या पेशींवर ती हल्ला करू शकतात. जीव वाचवणे आधी, त्यामुळे मिळेल ते रक्त द्यावेच, याबद्दल वाद नाही. पण कोणते रक्त दिले याची नोंद तिच्या कागदांबरोबर आघाडीमागच्या रुग्णालयात पोहोचली पाहिजे आणि जमेल तेथे निगेटिव्ह रक्त अशा रुग्णांसाठी राखले पाहिजे. ही तयारी आधी ठरवून ठेवावी लागते; ऐन धुमश्चक्रीत ती कोणाला सुचत नाही.

दुसरी अडचण हातांची आहे. लपलेली जखम शोधायची, तर कपडे कापून छाती, काखा, पाठ आणि जांघा उघड्या करून पाहाव्या लागतात. ज्या मेडिकने, म्हणजे आघाडीवर प्रथमोपचार करणाऱ्या सैनिकाने, सारा सराव पुरुषी पुतळ्यावर केला, त्याचा हात स्त्रीच्या बाबतीत क्षणभर अडखळतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णांविषयी अमेरिकेत २०१७ साली मांडल्या गेलेल्या एका अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी ४५ टक्के पुरुषांना आसपासच्या लोकांकडून छाती दाबून मदत मिळाली होती, स्त्रियांपैकी मात्र ३९ टक्क्यांनाच. ते लोक अप्रशिक्षित होते, हे मान्य. परंतु संकोच सरावाने जातो आणि सरावासाठी स्त्रीदेहाचा पुतळाही लागतो.

पाळीचा प्रश्न औषधाने सुटतो म्हणणाऱ्याने ते औषध कसे घ्यावे लागते, हे पाहिलेले दिसत नाही. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी लागते. रात्रपाळ्या बदलल्या किंवा रसद लांबली की क्रम तुटतो आणि नेमका नको तेव्हा रक्तस्राव सुरू होतो. तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन सोयीचे वाटते. पण त्याच्या दीर्घ वापराने हाडांची घनता कमी होऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली त्यावर तसा ठळक इशारा छापायला लावला. पाठीवर ओझे घेऊन मैलोगणती चालणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. प्रत्येकीला साजेल तो उपाय रवाना होण्याच्या काही महिने आधीच सुरू करून पाहावा लागतो.

शिवाय, या मजकुराला पाळीपलीकडे काही सुचलेलेच नाही. वाहनांच्या ताफ्यात तासन्‌तास बसायचे, मध्ये थांबणे धोक्याचे, सोबतचे पुरुष बाटलीत मोकळे होतात. अंगावर चिलखत, कमरेला पट्टे आणि आडोसा नाही, अशा स्थितीत स्त्री काय करते? ती निघण्याच्या आधीपासूनच पाणी पिणे सोडते आणि नंतर लघवी रोखून धरते. परिणामी मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, तो वर सरकला तर मूत्रपिंडाला सूज येऊन ताप भरतो, आणि कडक उन्हात तहानलेले शरीर उष्माघाताच्या दारात उभे राहते. यावर उभ्याने लघवी करता येईल असे नरसाळ्यासारखे साधे साधन मिळते. ते निघण्यापूर्वी हाती द्यायचे आणि वापरायला शिकवायचे, इतकेच काम असते.

उरला सवलतीचा आक्षेप. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात १९९०च्या दशकात महिला प्रशिक्षणार्थींच्या श्रोणीची हाडे ताणाने चिरण्याचे प्रमाण ११.२ टक्के होते. पुरुषांच्या लांब पावलाशी पाऊल जुळवताना ओटीपोटाच्या हाडांवर वारंवार ताण येत होता. मग कूच करण्याचा वेग ताशी ७.५ किलोमीटरवरून ५ वर आणला, पाऊल जिच्या तिच्या मापाने टाकू दिले, धावणे मऊ जमिनीवर नेले आणि लांब धावेऐवजी टप्प्याटप्प्याने धावण्याचा सराव ठेवला. तेव्हा हेच प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले. याला सवलत म्हणायचे, तर जायबंदी होऊन घरी परतणाऱ्या प्रशिक्षणार्थींना काय म्हणायचे, तेही मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

निराळी तयारी म्हणजे जादा खर्च, हा मुद्दाही त्याच सुरात येतो. तरुण सैनिक स्त्रीच्या पोटात एकाएकी तीव्र कळ आली, तर ती अपेंडिक्सची असेल, गर्भाशयाबाहेरच्या गर्भधारणेची असेल किंवा बीजांडकोशाला पीळ पडल्याचीही असेल. शेवटच्या दोन शक्यता आघाडीच्या उपचार केंद्रात कोणाच्या ध्यानात आल्या नाहीत, तर आतला रक्तस्राव जिवावर बेततो किंवा काही तासांत बीजांडकोश गमवावा लागतो. गर्भधारणा तपासणीची पट्टी वजनाने नगण्य असते आणि हातात मावणारे सोनोग्राफी यंत्र जखमींच्या पोटातला रक्तस्राव पाहण्यासाठी अनेक ठिकाणी असतेच. ही दोन साधने आणि ती वापरणारा शिकलेला हात तेथे नसेल, तर निदानापुरतेसुद्धा हेलिकॉप्टर मागवावे लागते, आणि तेही गोळीबाराच्या टप्प्यात.